अंधारीत बॅटरी बंद केल्यावर

(दृश्य: मावळतीचा देवगिरी, पुढे चांद मिनार)

संध्याकाळी दौलताबादच्या किल्ल्यात शिट्ट्या वाजायला लागतात. पर्यटक बाहेर पडतात, दारापुढचे सीताफळवाले टोपल्या आवरतात. आज आम्ही मात्र उलटे, आत निघालोय. हातात परवानगीचा कागद, पुढे चौकीदार मामा.

यादवांची ही देवगिरी. 1327 साली मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथं हलवली, नाव दौलताबाद ठेवलं. ते सगळं शाळेत झालंय. आपण खंदकापाशी जाऊ. इथं डोंगराचा कडा खालून असा तासलाय की घोरपडही चिकटायची नाही. वर जायला खंदकावरचा एकच पूल, आणि पुढे कातळाच्या पोटात शिरणारं भुयार. त्याला म्हणतात अंधारी.

आत पाऊल टाकताच वटवाघळांचा उग्र दर्प नाकात बसतो. पायऱ्या सारख्या नाहीत. एक वीतभर, तर पुढची थेट गुडघ्याला. वळण संपलं म्हणावं, तर दुसरं सुरू.

"भिंतीला हात धरून चला," मामा सांगतात. "अन् उजेड दिसला म्हणून तिकडं पळू नका. शत्रू तसाच पळायचा, अन् खंदकात जायचा."

मग ते बॅटरी बंद करतात.

(पडदा काळा. फक्त पंखांची फडफड.)

कॅमेरा बंद पडलेला नाही. आम्हालाही एवढंच दिसत होतं.

वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण असायचं. त्यावर आग पेटवली, की खालून येणाऱ्याची वाट बंद. असा हा बंदोबस्त. आणि तरी किल्ला पडला, तो पोटामुळं. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. रामदेवरायानं घाईनं गडावर पोती चढवली. उघडली तेव्हा धान्याऐवजी मीठ निघालं, असं सांगतात. 1633 मध्ये महाबतखानाच्या मुघल वेढ्यातही निजामशाहीच्या लोकांचा दाणागोटा संपला आणि किल्ला द्यावा लागला.

याच गडावर किल्लेदार जनार्दनस्वामींच्या पदरी पैठणचे एकनाथ होते. हिशेबात एका पैची चूक लागेना, म्हणून त्यांनी दिव्यापाशी रात्र जागून काढली, ही गोष्ट आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक. मला राहून राहून वाटतं, पोती चढवली त्या दिवशी असा एखादा कारकून दारात हवा होता.

(दृश्य: परतीची वाट, बॅटरीचा डोलता गोल)

उतरताना कुणी फारसं बोललं नाही. दारापाशी मामांनी आम्हाला ओळीनं उभं केलं, एकेकाच्या तोंडावर बॅटरी मारली.

"आत किती गेलता?"

"पाच."

त्यांनी पुन्हा एकदा मोजलं, आणि मगच कुलूप लावलं.