काखेत मावणारे पुस्तक

शाळेत आपण युरोपातील प्रबोधनकाळ शिकतो तो साधारण असा: 1453 मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तेथील ग्रीक पंडित हस्तलिखिते घेऊन इटलीत आले आणि युरोप जागा झाला. चार गुणांच्या उत्तराला एवढे पुरते. मात्र त्या घटनेच्या छप्पन्न वर्षे आधी, 1397 साली, मॅन्युएल क्रिसोलोरास हा बायझंटाइन विद्वान फ्लॉरेन्सच्या निमंत्रणावरून तेथे येऊन तरुणांना ग्रीक शिकवू लागला होता, ही गोष्ट त्या उत्तरात कोठेच बसत नाही. ग्रीकची ओढ त्याही आधीची आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यास पेत्रार्क या कवीला होमरची ग्रीक प्रत भेट मिळाली. त्याला ग्रीक वाचता येत नव्हते. पाठवणाऱ्याला त्याने लिहिले की, होमर माझ्यापुढे मुका आहे, किंवा खरे तर मीच त्याच्यापुढे बहिरा आहे. आणि तरीही तो त्या ग्रंथाला कवटाळून सुस्कारे टाकत असे.

ग्रंथ घरात असणे आणि तो वाचता येणे यांत किती अंतर असते, हे पेत्रार्कच्या त्या पत्रातून कळते. आजचे माझे बोलणे त्या अंतराविषयीच आहे. ते तोडायला दीडशे वर्षे लागली, आणि त्या कामात चित्रकार-शिल्पकारांइतकाच खिळे म्हणजे छपाईची धातूची अक्षरे पाडणाऱ्या, ती जुळवणाऱ्या आणि मुद्रिते म्हणजे प्रुफे तपासणाऱ्या माणसांचा हात होता. त्यांची नावे मात्र आपल्या ओठांवर नसतात.

व्हेनिसचेच पाहा. कार्डिनल बेसारियनने 1468 मध्ये आपला ग्रंथसंग्रह या नगरराज्याला दिला. ग्रीक हस्तलिखितांचा एवढा मोठा साठा पश्चिम युरोपात क्वचितच कोठे असेल. तो डोजच्या, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्यात बहुतांशी पेट्यांतच पडून राहिला, आणि त्याच्यासाठी इमारतीचे काम सुरू व्हायला 1537 साल उजाडले. देणगीत आलेल्या ग्रंथसंग्रहांचे पुढे काय होते, हे आपल्याकडील वाचनालयांच्या कार्यवाहांना मी सांगायला नको.

याच व्हेनिसमध्ये 1490 च्या सुमारास आल्डुस मानुत्सिउस हा चाळिशीचा शिक्षक आला आणि काही वर्षांत त्याने छापखाना काढला. ग्रीक ग्रंथ ग्रीकमध्येच छापायचे, हा त्याचा ध्यास होता. ग्रीक वर्णमाला तशी लहान, पण अक्षरांच्या डोक्यावर स्वराघाताच्या आणि श्वासाच्या खुणा येतात, आणि हस्तलिखितांत अक्षरे एकमेकांत गुंतवून लिहिण्याची चाल होती. त्यामुळे जुळाऱ्यापुढच्या खणांत चोवीस अक्षरांऐवजी शेकडो वेगवेगळे खिळे भरावे लागत. काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे सांभाळत देवनागरी जुळवलेल्या माणसाला ही अडचण समजावून देण्याची गरज नाही. या खिळ्यांचे ठसे फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने कोरले. 1495 ते 1498 या चार वर्षांत ॲरिस्टॉटलचे ग्रंथ पाच खंडांत बाहेर पडले. पाठ ठरवायला आणि मुद्रिते तपासायला ग्रीक विद्वान छापखान्यातच बसत. त्यांतील क्रीटच्या मार्कुस मुसुरुसने पुढे 1513 मध्ये प्लेटोची आवृत्ती सिद्ध केली. 1508 मध्ये इरास्मस हा डच विद्वान तेथे राहिला, तेव्हा तो एका बाजूला मजकूर लिहीत होता आणि दुसऱ्या बाजूला तोच मजकूर जुळवला जात होता. अशा ठिकाणी रिकामटेकडे पाहुणे नकोसे होणारच. काम थोडक्यात सांगा आणि निघा, अशा अर्थाची पाटी आल्डुसने दारावर लावली होती.

1501 मध्ये आल्डुसने व्हर्जिल या रोमन कवीची कविता छापली, आणि माझ्या मते खरा बदल येथे झाला. कागदाचा ताव तीन वेळा दुमडला की आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे होतात. आपल्या छापखान्यांतील सोळा पानी फॉर्मचा हिशेबही हाच. या आकारात पूर्वी मुख्यतः प्रार्थनेची पुस्तके निघत. अभिजात ग्रंथ मोठ्या आकारात निघत आणि मधोमध मुळातील थोड्या ओळी व चहूबाजूंनी टीकेची तटबंदी अशी अनेकांची पाने असत. ग्रंथ मेजावर ठेवायचा आणि गुरूने उलगडून दाखवायचा. आल्डुसने टीका काढून टाकली आणि नुसता व्हर्जिल हातात दिला. त्यासाठी ग्रिफोने त्या काळच्या विद्वानांच्या तिरप्या हस्ताक्षरावरून नवा ठसा कोरला. आज आपण त्याला इटॅलिक म्हणतो आणि शब्दावर जोर द्यायला वापरतो. तेव्हा मात्र अख्खे पुस्तक त्यात छापलेले होते. बारकाईने पाहिले तर ओळीच्या आरंभीचे मोठे अक्षर सरळ उभे आणि पुढची सगळी तिरपी दिसतात, कारण मोठ्या अक्षरांचा तिरपा ठसा केलेलाच नव्हता. ही पुस्तके स्वस्त होती असे पुष्कळदा सांगितले जाते. तशी ती नव्हती. पण ती बरोबर नेता येत होती.

1513 च्या डिसेंबरात, फ्लॉरेन्समधील पदावरून दूर झालेला राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली आपल्या शेतावरून मित्राला पत्र लिहितो: रानातून निघून झऱ्याकडे जाताना काखेत एक पुस्तक असते, कधी दान्ते किंवा पेत्रार्क, कधी टिबुल्लुस किंवा ओव्हिड. पुस्तक कोणत्या छापखान्याचे ते त्याने लिहिलेले नाही. पण ते काखेत मावते आहे, आणि वाचायला शेजारी गुरू बसलेला नाही.

यश आले की नक्कल येतेच. फ्रान्समधील लियाँच्या मुद्रकांनी हीच पुस्तके याच ठशाच्या नकलेत छापायला घेतली. चिडलेल्या आल्डुसने 1503 मध्ये जाहीर इशारा छापला आणि खोट्या प्रती ओळखता याव्यात म्हणून त्यांतील चुका एकेक करून नोंदवल्या. लियाँकरांनी तो कागद शुद्धिपत्र म्हणून वापरला आणि आपल्या आवृत्त्या सुधारून घेतल्या.

मुद्रणाची ही लाट आपल्या किनाऱ्याला फार उशिरा लागली नाही. 1556 मध्ये ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायला निघालेले एक छपाईयंत्र गोव्यात उतरले आणि तेथेच राहिले. 1563 मध्ये गार्सिया द ओर्ता या वैद्याचा इथल्या औषधींवरील संवादग्रंथ गोव्यात छापला गेला, तो इतक्या चुकांसह की त्याचे शुद्धिपत्रच कित्येक पानांचे झाले. मुसुरुससारखा माणूस मुद्रिते तपासायला नसेल तर काय होते, ते त्यात दिसते. 1616 मध्ये गोव्यातीलच रायतूरला फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाचे ख्रिस्तपुराण निघाले. ओव्या मराठी होत्या, पण लिपी रोमन, कारण आपल्या अक्षरांचे खिळे पाडणारा ग्रिफो तेथे कोणी नव्हता. देवनागरी खिळ्यांत मराठीचे व्याकरण छापले गेले ते 1805 मध्ये, विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याच्या हातून, श्रीरामपूरला. आणि हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले, हुगळीकाठचे.