तेलकट केस आणि डोक्याची त्वचा

बंधू-भगिनींनो, तेलकट केसांची तक्रार घेऊन जी मंडळी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक सल्ला आधीच निष्ठेने पाळलेला असतो, तो म्हणजे केस वारंवार धुऊ नयेत, धुतले की तेल अधिकच सुटते. हा सल्ला मायेने दिलेला असला तरी तो बरोबर नाही, आणि आज मला मुख्यतः एवढेच पटवून द्यायचे आहे.

केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते. तिच्यातल्या पेशी स्निग्ध द्रव्याने भरत जातात, अखेर फुटतात, आणि ते द्रव्य केसाच्या कडेने त्वचेवर येते. त्यालाच सीबम म्हणतात. ग्रंथी किती स्रवेल हे प्रामुख्याने अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी समजली जाणारी संप्रेरके ठरवतात. ती स्त्रियांच्या शरीरातही असतात, म्हणूनच वयात येताना मुलामुलींचे केस एकाएकी चिपचिपीत होऊ लागतात आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांची त्वचा कोरडी पडत जाते. शाम्पू वरवरचे तेल काढतो, ग्रंथीला हुकूम देत नाही. ज्याचे केस दुसऱ्या दिवशीच चप्प बसतात, त्याने एक दिवसाआड, उन्हाळ्यात तर रोजही, सौम्य शाम्पूने केस धुवायला काहीच हरकत नाही. मात्र एखाद्या मुलीच्या तेलकटपणासोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर शाम्पू बदलत बसण्याऐवजी पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडवणाऱ्या अंडाशयाच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. याबाबत आयांनी संकोच करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता कोंड्याविषयी. आपल्या सर्वांच्या डोक्यावर मालासेझिया नावाची बुरशी नांदत असते आणि ती स्निग्ध द्रव्यांवरच जगते. सीबममधल्या ट्रायग्लिसराइड नावाच्या स्निग्ध पदार्थांचे ती विघटन करते, त्यातून ओलेइक आम्लासारखी मेदाम्ले सुटतात, आणि ज्यांच्या त्वचेला ती सोसत नाहीत त्यांना खाज सुटते व पापुद्रे निघतात. कोंडा दिसला की त्वचा कोरडी पडली असे समजून आपण तेल चोपडतो, म्हणजे त्या बुरशीला आयते अन्न पुरवतो. खोबरेल तेलाशी माझे वैर नाही. ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे प्रयोगांनी दिसले आहे. पण तो लाभ केसांच्या लांबीला मिळतो. तेव्हा तेलकट डोक्याच्या माणसाने न्हाण्याआधी तासभर ते केसांच्या टोकांकडे लावावे, मुळांशी जिरवू नये. दिवाळीच्या अभ्यंगाला एक दिवस हा नियम मोडला तर बिघडत नाही, मात्र त्यानंतर केस नीट धुवावेत.

धुण्याची रीतही सांगतो, कारण चूक तिथेच होते. केस पूर्ण भिजवावेत, शाम्पू तळहातावर पाण्यात पातळ करावा आणि नखे न लावता बोटांच्या पेरांनी कपाळापासून मानेपर्यंत, विशेषतः कानांमागे, चोळावा. लांब केसांना वाहून येणारा फेस पुरतो. कंडिशनर फक्त टोकांना लावावा. अंगाचा साबण डोक्याला लावू नये, कारण त्याचा पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप, ९ ते १० असतो, तर त्वचेचा साधारण ५.५. शिवाय वडोदऱ्याच्या कडेच्या ज्या सोसायट्या बोअरवेलच्या जड पाण्यावर आहेत, तिथे साबणाचा चिकट साका केसांवर बसतो आणि धुतलेले केसही तेलकट वाटतात. महिन्यातून दोनदा कंगवेही धुवावेत. दातांत साचलेला तो करडा मळ पुन्हा स्वच्छ केसांवरच जातो.

नवरात्राबद्दल मी इथे मुद्दाम बोलतो आहे. आपल्या शहरात मध्यरात्रीपर्यंत गरबा चालतो, ऑक्टोबरचा उकाडा असतो, आणि घामाने निथळणारे केस तसेच बांधून मुली झोपतात. घरी आल्यावर निदान साध्या पाण्याने डोके धुऊन, पंख्याखाली केस वाळवून मगच झोपावे.

कोंडा जात नसेल तर किटोकोनॅझोल हे बुरशीनाशक २ टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. तो लावून ३ ते ५ मिनिटे राहू द्यावा लागतो. लगेच धुतला तर त्याचा उपयोग होत नाही. एवढे करूनही लाली, भुवयांत किंवा कानांमागे पिवळसर खपल्या, अथवा चाईसारखे मोकळे डाग दिसले, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.