लाल, पांढरा, लाल

[दृश्य: काळा पडदा, फक्त आवाज. मग उजेड: वाडगं, व्हिस्क, हात.]

हा आवाज जरा ऐका. आत्ता खळखळ आहे, बादलीतलं पाणी ढवळल्यासारखी. काही मिनिटांत तो जड होईल, मग दबेल. काकू फेटताना वाडग्याकडे फारसं बघत नाहीत. आमच्याशी बोलत असतात, पुतणीला काहीतरी आणायला पिटाळत असतात आणि मध्येच हात थांबवतात. क्रीम झालेलं असतं.

बेरी आणि क्रीमचा हा थरांचा गोड पदार्थ. काचेच्या ग्लासात तळाला केकचे तुकडे, त्यावर फळं, त्यावर फेटलेलं क्रीम, आणि हेच पुन्हा एकदा. गॅस पेटवायचा नाही, ओव्हन लावायचा नाही. ज्याला चमचा धरता येतो त्याला हा पदार्थ येतो, असं काकूंचं म्हणणं. तरी बऱ्याचदा होतं काय, की तासाभराने ग्लासात थर उरतच नाहीत. तळाशी गुलाबी पाणी, मध्ये लगदा, वर तरंगणारं काहीतरी पांढरं. चव वाईट नसते. पण मग सरळ वाडग्यात कालवूनच दिलं असतं की!

थर मोडतात ते पाण्याने. पाणी कुठून सुटतं आणि कुठे अडवायचं, एवढं कळलं की बाकी सगळी मांडामांड.

[दृश्य: स्ट्रॉबेरी, अगदी जवळून. पडदाभर लाल.]

या एका दृश्यासाठी कॅमेरा अर्धा तास इथेच होता. लाल गरावर हे पिवळे ठिपके दिसतायत ना, त्यांना आपण बिया म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक अख्खं फळ आहे, आणि बी त्याच्या आत. एका स्ट्रॉबेरीवर अशी २००च्या आसपास फळं बसलेली असतात. आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा बुडखा, फुगून रसाळ झालेला. थोडक्यात, स्ट्रॉबेरी ही शास्त्रानुसार बेरी नाहीच. केळं मात्र आहे, टोमॅटोही आहे. केळ्याला बेरी म्हणायला जीभ रेटत नाही, त्यामुळे आपण पुढे जाऊ.

या गरात शंभरातले ९१ भाग पाणी असतं. म्हणजे ताटलीत ३०० ग्रॅम स्ट्रॉबेरी ठेवली, तर त्यात पाव लिटरहून जास्त पाणी ठेवलं. अजून ते सालीच्या आत गप्प बसलंय.

ही रास्पबेरी. उलटी धरली की टोपीसारखी पोकळ. तोडताना तिचा मधला दांडा झाडावरच राहतो. बारीक बारीक मण्यांचा हा घोस आहे, प्रत्येक मण्यात एक बी. मणी एकमेकांना जेमतेम धरून असतात, म्हणून धुताना नळाची धार थेट लागली की विस्कटतात. आणि ही ब्लूबेरी, तिघींतली एकुलती एक खरी बेरी. वरचा पांढुरका थर धूळ समजून पुसू नका. ते फळाचं स्वतःचं मेण आहे, आतलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून लावलेलं. आपण ग्लासात जे करायला निघालोय ते हिने आधीच करून ठेवलंय.

[दृश्य: चाळणी, पाणी, कापडावर पसरलेली फळं.]

धुण्याचा नियम एकच. स्ट्रॉबेरी आधी धुवायची, देठ नंतर काढायचा. देठ काढल्यावर तिथे खड्डा होतो आणि पाणी आत शिरतं. मग कापडावर पसरून कोरडी होऊ द्यायची. काकू एकेक फळ कापडाने टिपतात. आम्ही कॅमेरा बंद केला, चहा घेऊन आलो, तरी त्यांचं टिपणं चालूच होतं.

[दृश्य: स्ट्रॉबेरीचे काप. सुरी संथपणे चालते.]

सुरी चालू आहे तोवर या फळाची गोष्ट सांगून घेतो, कारण तिच्यातही पाणीच आहे.

आज बाजारात मिळते ती टपोरी स्ट्रॉबेरी पूर्वी जगात कुठेच नव्हती. युरोपच्या रानातली होती नखाएवढी, वासाला सुरेख. १७१२ साली फ्रान्सच्या राजाने आमेदे-फ्रान्स्वा फ्रेझिए नावाच्या लष्करी अभियंत्याला दक्षिण अमेरिकेत पाठवलं. काम होतं चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावरच्या स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी. किल्ल्यांचे नकाशे काढता काढता याची नजर गेली तिथल्या शेतांतल्या मोठ्या, फिकट स्ट्रॉबेरीवर. आणि योगायोग बघा, फ्रेंचमध्ये स्ट्रॉबेरीला म्हणतात फ्रेझ. आडनावातच फळ!

१७१४ मध्ये तो रोपं घेऊन परत निघाला. प्रवास जवळजवळ सहा महिन्यांचा. गलबतावर गोडं पाणी मोजून मिळायचं, माणसांनाच पुरायचं नाही, तर झाडांना कोण देणार? पाण्याचा साठा ज्याच्या हातात होता त्याला खूश ठेवावं लागलं. पाच रोपं जगून फ्रान्सला पोचली, त्यातली दोन त्या माणसाला गेली. एक पॅरिसच्या राजउद्यानात गेलं.

रोपं जगली, वाढली, पण फळ धरेना. फ्रेझिएने आणलेली सगळी रोपं मादी फुलांची निघाली. पुढे कित्येक वर्षांनी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात ही झाडं उत्तर अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्या जातीच्या स्ट्रॉबेरीशेजारी लागली. त्या शेजाऱ्याचे पराग यांना मिळाले, आणि दोन खंडांतल्या दोन जातींचा युरोपच्या मातीत संकर झाला. चिलीकडून आकार, उत्तर अमेरिकेकडून रंग आणि वास. हे नेमकं काय घडलं ते १७६६ मध्ये ओळखलं आंत्वान निकोला द्युशेन या तरुणाने. तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता.

सुरीखाली जी आहे ती त्या संकराची वंशज. काप झाले. निम्म्या स्ट्रॉबेरींचे उभे, पातळ. हे काचेला चिकटवायचे. उरलेल्यांचे चार-चार तुकडे.

[दृश्य: साखर भुरभुरते. वेगाने पुढे सरकणारं चित्रण, २५ मिनिटांचं.]

तुकड्यांवर दोन मोठे चमचे साखर आणि लिंबाचे चार थेंब. आता हात लावायचा नाही.

पाचव्या मिनिटाला साखर ओली होते. दहाव्याला तिचा दाणा दिसेनासा होतो. पंधराव्या मिनिटाला बघा, वाडग्याच्या कडेला लाल रेघ जमायला लागली. बाहेर साखर दाट, आत रस पातळ, म्हणून पेशींमधलं पाणी आपणहून बाहेर ओढलं जातं. पंचविसाव्या मिनिटाला तुकडे चकचकीत आणि किंचित मऊ झालेत, तळाशी चार-पाच चमचे पाक. ना पाणी घातलं, ना आच दिली. लिंबामुळे लाल रंग आणखी उजळलाय, आंबटपणात हा रंग खुलतो.

साखर लावायचा कंटाळा करून तुकडे तसेच ग्लासात घातले, तर हेच पाणी सुटणार, फक्त ग्लासात, क्रीमच्या खाली. सुटायचंच आहे तर डोळ्यांसमोर सुटू दे. काकू ते चाळणीतून वेगळं काढतात आणि बाजूला ठेवतात. टाकून देणारे लोक असतात म्हणे. असोत.

फ्रीझरमधल्या बेरी इथे नकोत. गोठताना बर्फाचे कण पेशींच्या भिंती फोडतात, वितळल्यावर फळ बसतं. सॉसला उत्तम, थराला निरुपयोगी.

[दृश्य: गार वाडगं, कडेला दव. क्रीम ओतलं जातं.]

आता परत त्या आवाजाकडे.

क्रीम ३०० मिलीलिटर, स्निग्धांश ३५ टक्के. तीसच्या खाली असेल तर फेटत बसा, उभं राहणार नाही. वाडगं आणि व्हिस्क अर्धा तास फ्रीजमध्ये होते. हे लाड कशासाठी? क्रीममधली चरबी बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असते, प्रत्येक गोळीला पातळ आवरण. गारव्यात त्या चरबीचा काही भाग घट्ट होऊन स्फटिक बनतात. व्हिस्कचा मार बसला की स्फटिकांची टोकं आवरणातून बाहेर येतात, गोळ्या एकमेकींना अर्धवट चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती त्यांची साखळी तयार होते. हवा अडकली, तिच्याबरोबर पाणीही अडकलं. क्रीम कोमट असेल तर चरबी पातळ, गोळ्या सरळ एकमेकींत विरघळतात, बुडबुडा धरायला कोणी उरत नाही.

मशीनने हे काम लवकर होतं. मान्य. पण हाताला मनगटातून कळत जातं. आधी व्हिस्क मोकळा फिरतो. मग त्याच्या मागे रेघा उमटतात आणि पुसल्या जातात. मग रेघा पुसल्या जात नाहीत. इथे एक मोठा चमचा साखर, आधी नाही, कारण लवकर घातलेली साखर क्रीमला वर येऊ देत नाही. अजून आठ-दहा फेरे. व्हिस्क उचलला की टोक उभं राहतं आणि शेंडा नम्रपणे वाकतो. थांबा. सहा-सात मिनिटं लागली, आणि वाडग्यातलं क्रीम जवळजवळ दुप्पट झालं.

वनस्पती तेलाचं तयार टॉपिंगही मिळतं, ते दिवसभर ताठ उभं राहतं. जिभेवर गेल्यावरही ते तितकंच ताठ असतं. त्याबद्दल एवढं पुरे.

[दृश्य: तेच वाडगं, दुसऱ्या कोनातून. क्रीम खरखरीत दिसतंय.]

हे दृश्य खरं तर ठेवायचं नव्हतं. क्रीम तयार झालं, आणि आम्हाला तेच बाजूने हवं होतं. ‘काकू, अजून थोडं फेटा ना, इकडून घेतो.’ काकू म्हणाल्या, जाईल. आम्ही म्हटलं, दहाच सेकंद. पहिल्या पाच सेकंदांत चकाकी गेली. पुढच्या पाचांत पृष्ठभाग रवाळ झाला. मग व्हिस्कच्या तारांत पिवळट गोळे अडकले आणि वाडग्याच्या तळाशी पांढरं पाणी खळखळलं. आवाज परत पहिल्यासारखा.

‘काकू, बिघडलं का गं?’ पुतणीने विचारलं.

‘बिघडलं कुठे? लोणी आलं.’

गोळ्या पूर्ण एक झाल्या की हवा सुटते, पाणी सुटतं, खाली ताक राहतं. दुसरं क्रीम गार होतंच. आवाज टिपलाय तो या दुसऱ्या वाडग्याचा.

[दृश्य: केकचे तुकडे.]

केक आदल्या दिवशीचा, साधा स्पंज, १५० ग्रॅम. तो भाजतानाचं चित्रण आमच्याकडे नाही. इथे शिळा केकच बरा, कारण त्यातली ओल उडालेली असते आणि पाक प्यायला जागा असते.

[दृश्य: चार ग्लास, मागून उजेड. यापुढे संगीत मंद.]

तळाला केकचे तुकडे, बोटांनी हलके दाबलेले. त्यावर मघाच्या पाकाचा एक छोटा चमचा. एकच. तीन चमचे घातले तर केकचा गाळ होतो. पाणी आपण फेकलं नाही, त्याला बसायला जागा दिली.

आता उभे काप काचेच्या आतल्या बाजूला, चिरलेली बाजू बाहेर. गराचा पांढरा गाभा आणि त्यातून सालीकडे गेलेल्या रेषा बाहेरून दिसतात. हे काप साखर न लावलेले आहेत, कोरडे, म्हणून काचेवरून घसरत नाहीत. मध्ये साखरेतले तुकडे, चाळणीवर निथळून घेतलेले. मग क्रीम. चमच्याने मधोमध ठेवायचं नाही, आधी कडेने काचेला लावत गोल फिरायचं, मग मध्यभाग भरायचा. क्रीममध्ये चरबी असल्याने ते वरच्या थराचं पाणी खाली जाऊ देत नाही, पण कडेला फट राहिली तर पाणी नेमकं तिथूनच वाट काढतं. काचेवरून उतरलेला एक गुलाबी ओघळ सगळी मेहनत दाखवून देतो, म्हणजे नको ते दाखवून देतो.

दुसऱ्या फेरीत पुन्हा केक, थोडासाच. त्यावर ब्लूबेरी, अख्ख्या. त्यांचं मेण त्यांना सांभाळतं. मग पुन्हा क्रीम. रास्पबेरी सगळ्यात वर, आणि ती अगदी शेवटी, वाढायच्या आधी. तिच्यावर थराचं वजन टाकायचं नाही.

असे थर रचायची हौस तशी जुनी. इंग्रजांच्या ट्रायफल या थरांच्या गोड पदार्थाची कृती १६व्या शतकाच्या अखेरीस छापलेली सापडते, पण तेव्हा ते नुसतं साखर, आलं, गुलाबपाणी घातलेलं दाट क्रीम होतं. बिस्किटं आणि कस्टर्डचे थर १८व्या शतकात आले. ट्रायफल या शब्दाचा अर्थ मात्र क्षुल्लक गोष्ट.

[दृश्य: फ्रीजचं दार बंद होतं. उघडतं.]

दोन तास फ्रीजमध्ये. त्याच दिवशी संपवायचं, उद्यावर ठेवायचं नाही.

[दृश्य: चमचा वरून सरळ खाली, तळापर्यंत. नैसर्गिक आवाज. निवेदन नाही, १५ सेकंद.]

तीन ग्लास संपले. चौथा पुतणीचा, तो अजून तसाच आहे. ती ओट्यापाशी उभी आहे, मघाच्या बिघडलेल्या वाडग्यातलं लोणी पावावर जाड थापून, वर उरलेला लाल पाक ओतून.

[दृश्य: पाक पावाच्या कडेवरून मनगटावर ओघळतो. ती तो चाटते. काळा पडदा.]