टुकूटुकू बघणारं बाळ

श्रोतेहो, नमस्कार.

"बाळाकडे इतकं टक लावून बघू नकोस गं, आईचीच दृष्ट लागते." बाळंतिणीच्या खोलीत हे ऐकलं नाही, अशी आई मला तरी भेटलेली नाही. प्रसूती विभागात परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी गेली. तीट लावा, मीठ-मोहऱ्या ओवाळा, माझी ना नाही. (काजळ मात्र डोळ्यांत घालू नका, कपाळावरच राहू द्या.) पण बघा. पोटभर बघा.

नवजात बाळाला लांबचं धूसर दिसतं. वीत-सव्वावीत अंतरावरचं, म्हणजे वीस ते तीस सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं. आता आठवा, अंगावर पाजताना बाळाच्या डोळ्यांपासून आईचा चेहरा किती लांब असतो? साधारण तेवढाच! दोन ते पाच दिवसांच्या बाळांना दोन चेहऱ्यांची चित्रं दाखवून केलेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. एका चित्रातली नजर सरळ बाळाकडे, दुसऱ्यातली बाजूला वळलेली. सरळ बघणाऱ्या चेहऱ्याकडे बाळं जास्त वेळ बघत राहिली. बारसंसुद्धा झालेलं नसतं हो तेव्हा!

झोपेत बाळ हसतं, तेव्हा आजी म्हणते, सटवाई हसवतेय. ते हसू आपल्यासाठी नसतं, आपसूक उमटतं. पण बाळंतिणीचा सव्वा महिना सरला, की पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत बाळ जागेपणी डोळ्यांत बघतं, क्षणभर थांबतं आणि बोळकं पसरून हसतं. ते मात्र तुमचंच.

आता ज्यासाठी मी मुद्दाम बोलायला आले ते सांगते. एक पहिलटकरीण माझ्यापाशी रडत आली. "सिस्टर, हा माझ्याकडे बघतो आणि लगेच तोंड फिरवतो. मी आवडत नाही का त्याला?" मी शेजारी बसून पाहिलं. बाळ बघत होतं, हुंकार देत होतं, मग मान खिडकीकडे. तेवढ्यात ही बाई खुळखुळा वाजवायची, हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची. बाळ कसंनुसं करायचं, जांभई द्यायचं. तिला म्हटलं, तो दमलाय. माणसाचा चेहरा बघणं हे त्याच्यासाठी मोठं काम आहे, जरा दम खाऊ दे. दहापर्यंत मोज आणि गप्प बस. सातावरच बाळानं मान वळवली. ती हसली, तसा तोही "आंगूं" म्हणाला.

म्हणजे हा खो-खोसारखा खेळ आहे. खो मिळेपर्यंत बसून राहायचं, उठायचं नाही. मात्र खो मिळाल्यावरही उठलं नाही, तर काय होतं, ते अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात दाखवलं. खेळता खेळता आईनं चेहरा निर्विकार करायचा, एवढाच प्रयोग. बाळ आधी हसून बघतं, हातवारे करतं, आईला बोलतं करायला धडपडतं. काही केल्या जमेना, की तोंड फिरवून हिरमुसतं. पाजताना हातात मोबाईल असला, की आपला चेहरा कसा दिसतो, हे एकदा आरशात बघाच.

आई दिवसभर बाळाकडेच बघत बसेल, असं कुणी म्हणत नाहीये. तिला झोप हवी असते, जेवण गरम हवं असतं. बाबानं मांडीवर घ्यावं, आजोबांनी घ्यावं. आणि आईला दिसत नसेल, तरी बाळ तिच्या आवाजाला, हाताला बरोबर ओळखतं.

पण बाळ तीन महिन्यांचं झालं, तरी कुणाच्याच चेहऱ्यावर नजर ठरत नसेल, हलत्या वस्तूमागे डोळे फिरत नसतील, किंवा कधीही बुबुळात पांढरी झाक दिसली, तर दृष्ट काढत बसू नका. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. बाळ सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं असेल, तर इतकीही वाट बघायची नाही. त्याच्या डोळ्यांचा पडदा पहिल्या महिन्यातच तपासून घ्यावा लागतो. दवाखान्यातून घरी सोडतानाच विचारा, "डोळे कधी दाखवायचे?" आणि तारीख कागदावर लिहून घ्या.

नमस्कार.