नववीतला मुलगा गायचा का थांबतो?

(माध्यमिक शाळांतल्या संगीत, नाट्य आणि मराठीच्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, उद्या सकाळी परिपाठाला एक करून बघा. राष्ट्रगीताच्या वेळी नववीच्या मुलग्यांच्या रांगेजवळ उभे राहा. सावधान स्थितीतच, फक्त कान तिकडे ठेवा. सुरुवात सगळे बरी करतात, कारण चाल सा-रे-ग-म मध्येच फिरते. 'भाग्यविधाता'ला एकदा खालच्या नी ला टेकून येते. पुढे 'जय हे'ला मात्र सूर थेट वरच्या सा वर जातो आणि तिथे ही रांग गळते. काही जण नुसते ओठ हलवतात. एखादा चढायला जातो, त्याचा आवाज मध्येच चिरकतो आणि शेजारचा हसू दाबतो. ज्याचा आवाज चिरकला तो दुसऱ्या दिवशी 'जय हे'ला गप्प असतो. चार महिन्यांनी स्नेहसंमेलनाच्या समूहगानासाठी नावं मागितली की तो हात वर करत नाही, आणि आपण म्हणतो, मुलग्यांना गाण्यात रस नाही.

रस असतो हो. त्याचा गळा बदलत असतो आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचा कंठ वाढतो. पुढून जी घाटी दिसायला लागते ती त्याचीच खूण. आतल्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते, आणि आवाज जवळपास एक सप्तक खाली उतरतो. हे एका रात्रीत होत नाही. काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष चालतं. या काळात वरचे सूर गेलेले असतात आणि खालचे अजून आलेले नसतात, मध्ये चार-पाच सुरांची पट्टी तेवढी हातात राहते. तीही आज आहे तिथे पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. मुलींचाही आवाज याच वयात बदलतो. दोन-तीन सुरांनीच उतरतो, पण वर्षभर त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते. आपण तिला 'घसा बसलाय, आलं-मध घे' म्हणून मोकळे होतो.

आता आपला संगीताचा तास बघा. पेटीवर काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, सा म्हणून धरली जाते, कारण ती बाईंच्या गळ्याची पट्टी असते आणि पाचवी ते सातवीला ती सोयीचीही असते. आठवी-नववीच्या मुलाला त्या पट्टीत वरचा सा लागतच नाही. सर असतील तर ते बरीच खालची काळी एक धरतात. तिथे त्याला खालचे सूर मिळत नाहीत, आणि वरच्या सप्तकात जावं तर पुन्हा तेच. म्हणजे दोन्हीकडे त्याला जागा नाही. मग तो बाकावर ताल धरतो, तोही बेंच वाजवतो म्हणून वर्गाबाहेर जातो.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. संगीत नाटक मंडळ्यांच्या काळात स्त्रीभूमिका बहुतेक मुलगे आणि पुरुषच करायचे आणि गोड गळ्याचा मुलगा मिळाला की कंपनीचं भाग्य उजळायचं. तो गळा फुटला की त्या मुलाचं काय होणार, ही सगळ्यांची काळजी असे. कुंदगोळचे रामचंद्र कुंदगोळकर, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, लहानपणी गोड गळ्याचे होते. वयात येताना तो गळा गेला, आवाज जड आणि अडेल झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तालमीत त्यांनी तोच आवाज मेहनतीने पुन्हा घडवला, आणि भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल त्यांच्याकडे शिकले. गंगूबाईंचं तर आणखी निराळं. तरुणपणी त्यांचा आवाज बारीक आणि उंच होता. घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि तो खाली उतरला, भारदस्त झाला. त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्या आज सहज ऐकायला मिळतात. आधी त्यातली एक लावा, मग उतारवयातलं गाणं लावा, आणि ही एकच बाई आहे असं वर्गाला सांगा. नववीतल्या चिरकणाऱ्या मुलाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो. त्याला व्याख्यान द्यावं लागत नाही.

नाटकाकडे येतो. नाटक बसवणाऱ्यांची एक खोड मला फार मजेची वाटते. ज्याचा आवाज सगळ्यात आधी फुटला तो अफझलखान. गेल्या वर्षी त्याने रावण केलेला असतो. आवाज जाड म्हणजे माणूस दुष्ट! आणि ज्याचा अजून फुटलेला नाही त्याला बाल शिवाजी. बिचारा दोन वर्षं बाल शिवाजीच राहतो. पण खरा त्रास मावळ्यांना. तीन आठवडे रोज शाळा सुटल्यावर 'हर हर महादेव'च्या आरोळ्या, तेही मैदानात, उन्हात, पाणी न पिता. वाढत्या स्वरतंतूंवर यापेक्षा वाईट काही करता येणार नाही. प्रयोगाच्या दिवशी निम्मे मावळे घोगरे झालेले असतात, आणि आपण म्हणतो, छान, मावळ्यासारखा वाटतोय.

मुलं ओरडतात कारण आपणच मागून 'आवाज! आवाज!' म्हणत असतो. शेवटच्या रांगेला ऐकू येत नाही हे खरं. पण कशामुळे येत नाही ते नीट ऐका. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच. 'महाराज, मी हा गड सोडून जाणार नाही.' मुलगा 'महाराज'वर सगळा श्वास खर्च करतो, 'गड'वर हात उंचावतो, आणि 'नाही'ला येईपर्यंत भाता रिकामा. प्रेक्षकांना ऐकू जातं, 'मी हा गड सोडून जाणार.' मावळा फितूर!

यावर जोर लावून बोलणं हा इलाज नाही. वाक्य नेहमीच्या बोलण्याइतक्याच आवाजात म्हणायला लावा, पण 'महाराज'नंतर श्वास घ्यायला लावा आणि शेवटचा शब्द पहिल्याइतकाच स्पष्ट मागा. मग त्याला रंगमंचाच्या एका टोकाला उभा करा, दुसऱ्या टोकाला त्याचा मित्र, आणि 'हे त्याला सांग' एवढंच म्हणा. आवाज आपोआप पोचतो, कारण आता तो कुणाला तरी सांगतोय. सभागृहात वर टांगलेले माइक असतील तर पात्रांच्या जागा त्यांच्याखाली आखा. हे दिग्दर्शकाचं काम आहे, मुलाच्या घशाचं नाही.

गाण्यात चार-पाच सुरांच्या मुलाला काय द्यायचं? आपल्या लोककलांनी याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. पोवाड्यात शाहीर एक असतो, मागे झीलकरी असतात. झीलकऱ्याला 'जी जी रं जी' एवढंच म्हणायचं असतं, पण ते नेमक्या मात्रेवर पडलं नाही तर शाहीर उघडा पडतो. सूर दोन-तीन, जबाबदारी पूर्ण. आवाज फुटलेल्या सगळ्या मुलांना झील द्या. शाहिराचं काम मुलीला द्या, काय बिघडतं? गोंधळातही तसंच. मागून साथ द्यायला मोठा गळा लागत नाही, संबळाची लय पोटात असावी लागते. भजनात टाळकरी उगीच उभा नसतो.

झील कुठल्या सुरावर ठेवायची हे मुलाला विचारूनच ठरवा. पद्धत सोपी आहे. प्रत्येकाला 'अं' असा बंद तोंडाने गुणगुणायला लावा, जिथे अजिबात ताण येत नाही तिथला सूर पेटीवर शोधा आणि वहीत टिपून ठेवा. सारख्या सुरांची मुलं एकत्र बसवा. पुन्हा महिन्याने तपासा. बहुतेकांचा सूर खाली सरकलेला दिसेल. मुलांना हे फार आवडतं, उंची मोजल्यासारखं. 'सर, मी पांढरी तीनवरून काळी एकवर आलो,' असं अभिमानाने सांगत येतात. ज्या गोष्टीची लाज वाटत होती तिची चढाओढ सुरू होते. ती मात्र वेळीच आवरा, नाहीतर मुद्दाम घसा दाबून जाड बोलायला लागतात.

मराठीच्या शिक्षकांनी माझ्यावर रागावू नये, पण भुजंगप्रयात आपण कसा शिकवतो? चार य-गण, लघु-गुरूच्या खुणा, ओळीत बारा अक्षरं, एक गुण पक्का. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत आणि ते शतकानुशतकं चार सुरांत म्हटले गेलेत. तेवढेच सूर आवाज फुटलेल्या मुलाकडे असतात. व्याकरणाच्या तासाला वर्गाने वृत्त म्हटलं तर संगीताचा वेगळा तासही मागायला नको.

तास मागायचाच असेल तर कायदा आपल्या बाजूने आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या शंभरावर असेल तिथे, कलाशिक्षणाचे अंशकालीन निदेशक सांगितलेले आहेत. नेमणुकांचं काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. आणि कायद्याची ती तरतूद आठवीला संपते, म्हणजे बहुतेकांचे गळे अजून सावरायचे असतात तेव्हाच. नववी-दहावीत मग उरतात ते वाढीव गुण. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला यांतल्या प्रावीण्याला दहावीच्या निकालात गुण मिळतात, हे चांगलंच आहे. पण त्यामुळे आठवीतल्या मुलांना परीक्षांच्या पायऱ्या भराभर चढायला लावणारे पालक मी बघतो, आणि दहावीचा निकाल लागला की तानपुरा माळ्यावर जातो.

आत्ताच एका बाईंनी चिठ्ठी पाठवलीय: 'विद्यार्थी गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा परीक्षेला बसणार आहे, आवाज फुटतोय, परीक्षा द्यावी का?'

बाई, मी वर्षभर थांबवीन. परीक्षेला गाणाऱ्याने आपल्या पट्टीत गायचं असतं आणि त्याची पट्टी आज ठरलेलीच नाही. तानांची तयारी तर मुळीच करून घेऊ नका. गाणं बंदही करू नका. रोज पंधरा-वीस मिनिटं मधल्या सुरांत, हळू आवाजात, राग यमन पुरे. उरलेला वेळ तबल्यावर बसवा, बंदिशी तोंडपाठ करून घ्या, भरपूर ऐकवा. घसा दुखला की त्या दिवशी सुट्टी. तीन-चार आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला, किंवा बोलतानाही त्रास व्हायला लागला, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या, घरगुती काढ्यांवर ठेवू नका. पालक गुणांचं विचारतील. त्यांना सांगा, बंदिशी पाठ आणि ताल पक्का असलेला मुलगा वर्षभर उशिरा बसला तरी त्याचं काही अडत नाही.

पुढची चिठ्ठी द्या.