धामापूरचा काठ: आधी पक्षी, मग चतुर

मालवण तालुक्यातलं धामापूरचं तळं. १५३० साली बांध घालून अडवलेलं पाणी, काठावर भगवतीचं देऊळ आणि भोवती गच्च झाडी.

पाऊस ओसरला की इथं एका सकाळी दोन पाळ्या कराव्यात. उजाडल्यापासून साडेआठपर्यंत झाडीत, पक्ष्यांसाठी. त्यानंतर काठावर, चतुर आणि टाचण्यांसाठी (टाचणी म्हणजे चतुराचाच सडपातळ भाऊबंद कीटक). क्रम उलटा केला तर दोन्ही हुकतात. ऊन चढलं की पक्षी पानांत गडप होतात, आणि अंगाला ऊब मिळाल्याशिवाय चतुर उडत नाहीत.

धनेश शोधत फिरू नका. फळांनी लगडलेला वड किंवा उंबर हेरा आणि वीस-पंचवीस पावलांवर खोडाला टेकून थांबा. पक्षी फळावर येतोच. पाण्यातल्या पानांवर कमळपक्षी अंडी उबवत असेल, तर होडी तिकडे नेऊ नका. तो नर असतो, आणि तो उठला की अंडी उघडी पडतात.

दुर्बीण ८×४२ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची), दोन मीटरवरचंही स्पष्ट दाखवणारी घ्या. कोकणच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, म्हणून घरी ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा.

आता काठ. तुमची सावली चतुरावर पडली की तो उडालाच. तरी जागा सोडू नका, बरेच चतुर फिरून त्याच काडीवर येऊन बसतात. पंख पसरून बसतो तो चतुर. टाचणी बहुधा पंख पाठीवर मिटते. शंका आली तर डोळे पाहा, टाचणीचे डोक्याच्या दोन टोकांना असतात.

पण खरी नजर लावायची ती पाण्यातून वर आलेल्या काड्यांवर. ही पाहा, काडीला घट्ट धरून राहिलेली कात. पाठीवर उभी चीर, चिरेतून लोंबणारे पांढरे धागे. ते श्वासनलिकांचं अस्तर आहे. पाण्यातली अळी रात्री इथवर चढली आणि चतुर होऊन उडून गेली. उडता चतुर कुठूनही आलेला असू शकतो. कात मात्र सांगते की तो याच पाण्यात वाढला. म्हणून आमच्या लेखी एका कातीची नोंद दहा उडत्या चतुरांहून मोलाची. फोटो दोन घ्या, एक पाठीचा आणि एक तोंडावर दुमडलेल्या जबड्याचा. ओळख पटते ती त्यावरूनच.

तळं स्वच्छ करायचं म्हणून काठचं गवत मुळापासून खरवडलं, की अळीला वर चढायला काडीच उरत नाही. साफसफाई करायचीच असेल तर एका वर्षी एकच बाजू घ्या, आणि उरलेल्या काठाला हात लावू नका.