बेरजेचा क्रम

(नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

गुणाकारापासून सुरुवात करू. २,००० बाय २,०००च्या दोन मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, घ्या. त्यांचा गुणाकार म्हणजे सुमारे १,६०० कोटी गणिती क्रिया. सी भाषेतला तीन फॉर-लूपचा तो प्रोग्रॅम तुम्ही पहिल्या वर्षालाच लिहिलाय. उत्तर बरोबर येतं, पण प्रोसेसर बराचसा वेळ नुसता खोळंबून असतो.

कशासाठी? आकड्यांसाठी. मेमरीतून आकडा एकटा येत नाही. ६४ बाइटचा अख्खा गठ्ठा येतो, त्यात डबल-प्रिसिजनचे (‘डबल’, म्हणजे प्रत्येकी आठ बाइटचे दशांश) आठ आकडे असतात. सी-मध्ये मॅट्रिक्स ओळीनं साठवतात, आणि आपला सगळ्यात आतला लूप दुसऱ्या मॅट्रिक्सच्या स्तंभातून खाली उतरतो. दर पावलाला १६,००० बाइटची उडी! पिंपळगावच्या मार्केटातून टोमॅटोचं क्रेट आणायचं, एकच टोमॅटो चिरायचा आणि दुसऱ्यासाठी पुन्हा पिंपळगाव गाठायचं, तसं हे. आतल्या दोन लूपची अदलाबदल केलीत की क्रेट पुरतं वापरलं जातं. फोर्ट्रान भाषेत साठवण स्तंभानं, म्हणून तिथं हिशेब उलटा.

पण एवढ्यावर थांबू नका. या गुणाकारात प्रत्येक आकडा २,००० वेळा लागतो. मग कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, मावतील एवढे तुकडे पाडून, एकदा आणलेला तुकडा पुरेपूर वापरायला हवा. हे काम ‘डीजेम’ नावाचं रूटीन करतं. त्याचा आराखडा १९९०मध्ये ब्लासच्या (मॅट्रिक्सच्या आकडेमोडीच्या प्रमाणित रूटीनांच्या संचाच्या) तिसऱ्या स्तरात प्रसिद्ध झाला. काझुशिगे गोटो यांनी हे तुकडे प्रोसेसरच्या बांधणीप्रमाणे बेतले, आतला गाभा असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत, लिहिला, आणि आजची ओपनब्लास ही लायब्ररी त्यांच्याच कामावर उभी आहे. माझं स्पष्ट मत आहे, शिकण्यासाठी तीन लूप जरूर लिहा, संशोधनाच्या कोडमध्ये लिहू नका.

आता कंपायलर, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती कापरेकर गुरुजी ६१७४ या त्यांच्या प्रसिद्ध स्थिरांकापर्यंत पोचले ते पूर्णांकांच्या वाटेनं. तिथं बेरीज कोणत्याही क्रमानं करा, उत्तर तेच. आपल्या दशांशांचं तसं नाही. डबलमध्ये १०चा १६वा घात घ्या, त्यात १ मिळवा, मग तोच घात वजा करा. उत्तर येतं शून्य, कारण डबलमध्ये तेवढे अंक मावत नाहीत आणि तो १ गळून पडतो. आधी वजा करून मग १ मिळवा, उत्तर १. म्हणून लांबलचक बेरीज चार-चार आकड्यांच्या गटांनी करायची तर जीसीसी हा कंपायलर तुमची परवानगी मागतो, ‘ओ-थ्री’ ही कोड वेगवान करण्याची सूचना दिली तरीही. ती परवानगी म्हणजे फास्ट-मॅथ हा पर्याय. इंटेलच्या कंपायलरमध्ये अशी बरीच मोकळीक आधीपासूनच असते.

ही परवानगी मी एकदा न वाचता दिली होती. गोदावरीच्या खोऱ्यातल्या पावसाच्या नोंदींवरून नदीत किती पाणी येईल ते काढत होतो. ज्या दिवशीची नोंद नाही तिथं ‘नॅन’ (‘हा आकडाच नाही’ अशी खूण) भरलेला, आणि तो गाळण्यासाठी एक ओळ: आकडा स्वतःशीच समान नसेल (असा फक्त नॅनच असतो) तर सोडून दे. फास्ट-मॅथमध्ये ‘नॅन कधी येणारच नाही’ हेही वचन असतं. कंपायलरनं ते खरं मानलं, ती तपासणी निरर्थक ठरवली आणि काढून टाकली. एक नॅन बेरजेत शिरला, पुढचा सगळा पावसाळा नॅन झाला. दोन दिवस मी पावसाच्या फायली तपासत बसलो. कोडमध्ये ती ओळ डोळ्यांसमोर होती, चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नव्हती.

तेव्हापासून नोंदी वाचणारी, गाळणारी फाइल मी फास्ट-मॅथशिवाय कंपाइल करतो. मोकळीक फक्त त्या आकडेमोडीच्या फाइलला, तीही दोन्ही प्रकारे चालवून उत्तरं कितव्या अंकापर्यंत जुळतात ते पाहिल्यावर. डबलमध्ये भरवशाचे अंक १५-१६च. बाराव्या अंकात फरक पडला तर बेरजेचा क्रम बदललाय, इतकंच. तिसऱ्या अंकात पडला तर फास्ट-मॅथला दोष देण्याआधी तुमची पद्धतच तपासा.